उर्दू अक्षरांतली मराठी

जानेवारी सरत आला की हैदराबादच्या हमरस्त्यावर कडब्याच्या गाड्या लागतात. जळकोटच्या अलीकडं तर एखाद्या गाडीवर कडबा इतका उंच रचलेला असतो की मागून बैल दिसत नाहीत, रस्त्यानं गंजच चालत निघालीय असं वाटतं. एसटीचा ड्रायव्हर भोंगा वाजवून दमतो. धाटांचा तो कोरडा, गोडसर वास खिडकीतून आत येतो आणि उतारू खूश होतात. यंदा ज्वारी बरी झाली म्हणतात. मी खिडकी लावून घेते. सुगी आवडत नाही असं म्हणणारी बाई आमच्या भागात वेडी ठरेल, म्हणून मी धुळीचं निमित्त सांगते.

मराठी राज्य झालं, त्याच्या आधीची सुगी माझ्या मनात अडकून राहिली आहे. मी तेव्हा उस्मानाबादला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. नुकती एम.ए. झालेली, बिनलग्नाची, आणि डोक्यात एकच वेड. जर्मनीचा सगळ्यांत थोर म्हणून जगभर गाजलेला जो कवी, त्याच्यावर मला प्रबंध लिहायचा होता. त्या कवीचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याच्या नावावर आधीच पुष्कळ ग्रंथ आहेत, पुतळे आहेत, अध्यासनं आहेत. त्याच्यासाठी ज्यांनी डोळे घालवले, त्यांचं नाव मात्र कुठंच नाही. या एका लेखात तरी उलटं होऊ दे.

ज्यांनी डोळे घालवले ते वाहिदसर.

निजामाच्या अमलात ते हायस्कुलात फारसी शिकवायचे. शेरवानी, करड्या रंगाची टोपी, आवाज इतका हलका की मागच्या बाकावरच्या मुलांना पुढं सरकून बसावं लागायचं. संस्थान विलीन झालं आणि वेळापत्रकातून फारसी गेली. मास्तर मात्र शिल्लक राहिले. त्यांचं काय करायचं हे कुणाला सुचेना, तेव्हा त्यांना सूतकताईचा तास दिला. इराणातल्या शिराजच्या जुन्या कवीच्या गझलाच्या गझला ज्यांच्या जिभेवर होत्या, ते वाहिदसर पोरांना पेळू कसा धरायचा, टकळी कशी फिरवायची हे दाखवत बसू लागले. त्यांना स्वतःला सूत काढता येत नव्हतं. दर दोन वितींवर तुटायचं. पोरं खिदळायची. सर म्हणायचे, ''हसा, हसा. मी पण पहिलीतच आहे.''

बायको आधीच वारलेली. एक मुलगी, रुकय्या. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत तिला अगदी लहान असताना हैदराबादला मामाकडं पाठवलं, ती तिकडंच वाढली, तिकडंच दिली. त्याच दिवसांत सरांचा धाकटा भाऊ गेला. कसा गेला, कुणी मारलं, यावर सर एक शब्द कधी बोलले नाहीत. मी एकदा विचारलं होतं, ''तुम्ही का नाही गेलात हैदराबादला?'' तर म्हणाले, ''बाई, इथं मी घरमालक आहे. तिथं पाहुणा.''

जर्मन ते हैदराबादला कॉलेजात असताना शिकले होते, एका मिशनरी बाईकडं. त्याचं कारण फारसीच. त्यांना कुठंतरी कळलं की, हा जर्मन कवी साठी उलटल्यावर शिराजच्या त्या जुन्या कवीच्या प्रेमात पडला. तेही भाषांतर वाचून. शिराज त्यानं कधी पाहिलं नाही. पण त्या भारात त्यानं कवितांचं एक अख्खं पुस्तक लिहून काढलं. सर म्हणायचे, ''आमच्या घरची चीज परदेशात जाऊन परदेशी कपडे घालून बसली होती. मला तिला परत घरी आणायचं होतं.'' घर म्हणजे कुठलं, असं मी विचारलं. माझ्याकडं बघत म्हणाले, ''मराठी. अजून कुठलं?''

गावात जर्मन येणारे ते एकटेच, म्हणून प्रबंधासाठी मी त्यांना गाठलं होतं. आमची बैठक शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, शिवलिंगअप्पांच्या सरकीच्या दुकानावरच्या माळवदाच्या खोलीत भरायची. अप्पा मूळचे जळकोटचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. शिक्षण बेताचंच, पण कवितेचा नाद. खाली हमाल पोती रचायचे, पेंडीचा उग्र वास जिन्यानं वर यायचा, आणि वर आम्ही तिघं एका ओळीवर बसलेलो. सर जर्मन वाचायचे, मग अर्थ सांगायचे. मी चार मराठी शब्द पुढं ठेवायचे. अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, ''ह्ये कानाला लागंना.''

सर मराठी उर्दू लिपीत लिहायचे. भाषा मराठी, अक्षर उर्दू. नागरी त्यांना वाचता यायची, पण हात चालायचा नाही. उजवीकडून डावीकडं त्यांचा बोरू सरसर पळायचा. मग ते वाचून दाखवायचे आणि मी नागरीत उतरवायचे. असं दोन पावसाळे चाललं.

एका शब्दानं आम्हाला फार छळलं. जर्मनमध्ये एक शब्द आहे, कुणाची तरी ओढ लागून जीव कासावीस होणं. मी 'ओढ' म्हटलं. सर म्हणाले, ''ओढ दोरीला पण असते.'' त्यांनी 'आरजू' म्हटलं. मी म्हटलं, मराठीत ती पाहुणी वाटते. 'हुरहुर' फार नाजूक झाली. 'तळमळ' म्हटलं तर अप्पा म्हणाले, ''तळमळ ढेकणानं बी होती.'' आम्ही हसलो. मग अप्पाच जरा वेळानं बोलले, ''आमच्या कानडीत हंबल म्हणतेत. मनाला लागून राहतंय, त्ये. वासरू इकलं की गाय चार दिस दाव्याला हिसके देती बगा, त्येच्या वाटंला तोंड करून. त्येला काय म्हणावं तुमच्यात?''

''हंबर,'' मी म्हटलं.

सरांनी बोरू खाली ठेवला. ''हंबल, हंबर,'' ते स्वतःशीच म्हणाले. ''लिहा बाई. कवीचं हंबर. तो म्हातारा खूश होईल.''

त्या दुपारी मला वाटलं होतं की, आम्ही जगातलं काहीतरी मोठं काम करतो आहोत. आजही तसंच वाटतं. म्हणूनच तर राग जात नाही.

त्याच सुमारास तिकडं मोठ्या शहरातल्या विद्यापीठात या कवीवर एक गौरवग्रंथ काढायचं ठरलं. त्याचे संपादक डॉ. मेहुणकर. दोन वर्षं जर्मनीत राहून आलेले, या कवीचे मराठीतले अधिकारी पुरुष. आमच्या वाचनालयानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. गावातल्या वकीलसाहेबांनी परिचय करून देताना सांगितलं की हा जर्मन कवी म्हणजे आपल्या संस्कृतीचा परमभक्त, त्यानं आपलं संस्कृत नाटक डोक्यावर घेतलं. टाळ्या झाल्या. शिराजचं नाव कुणी काढलं नाही. वाहिदसर मागच्या रांगेत बसले होते, ते गालात हसले.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी डॉक्टरांना जळकोटला शेतावर हुरड्याला नेलं. आम्हीही गेलो. शेणकुटांच्या आगटीत कणसं भाजत होती, गडी तळहातावर चोळून दाणे पानावर टाकत होता, जवसाची चटणी, गूळ, ताक. डॉक्टर मांडी घालून बसले, मनमोकळं खाल्लं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. मी आमची नागरीतली प्रत काढली आणि सरांनी मुळातल्या ओळी म्हणून दाखवल्या. डॉक्टरांचे हात थांबले. त्यांनी पुन्हा म्हणायला लावल्या. मग प्रत घेऊन ते बांधावर जाऊन बसले आणि बराच वेळ वाचत राहिले.

परत आले ते दोन-तीन चुका घेऊनच. आणि त्या खऱ्या होत्या. मद्याच्या प्याल्याच्या एका कवितेला सरांनी भक्तीचा अर्थ लावला होता. डॉक्टर म्हणाले, ''इथे प्याला म्हणजे प्यालाच आहे हो. म्हातारा थट्टा करतोय.'' सरांनी ओळ पुन्हा पुटपुटली, मान डोलावली. ''बरोबर. मी त्याला फार नमाजी करून टाकलं.'' दोघं मोठ्यानं हसले. डॉक्टर म्हणाले, ''हे ग्रंथात यायला हवं. आणि बाई, तुमच्या प्रबंधाचं मी बघतो. नोंदणी माझ्याकडे करा.'' अप्पांनी त्यांच्या गाडीत हुरड्याचं गाठोडं ठेवलं. परतताना सर बैलगाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते आणि फारसीत काहीतरी गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

कडबा अजून रानातच होता, तेवढ्यात डॉक्टरांचं बोलावणं आलं. सर आणि मी सोलापुराहून रेल्वेनं गेलो. सरांनी शेरवानीला इस्त्री करून घेतली होती. विद्यापीठात डॉक्टरांच्या खोलीत आमची प्रत टेबलावर होती आणि तिच्यावर तांबड्या शाईच्या रेघा होत्या. त्या चुकांखाली नव्हत्या. चुका आम्ही आधीच दुरुस्त करून पाठवल्या होत्या. रेघा होत्या फारसी वळणाच्या शब्दांखाली, उमेदीखाली, मुरादीखाली, गुलालीखाली, खुशालीखाली. हंबरखाली तर दुहेरी.

''भाषांतर अचूक आहे,'' डॉक्टर म्हणाले. ''पण भाषा शुद्ध करावी लागेल. 'नजर' ठेवू आपण, ती रुळली आहे. बाकीचे बदला.''

''रुळली की नाही, हे कोण ठरवतं?'' सरांनी विचारलं. अगदी सरळपणे, शिकायच्या सुरात.

''कान.''

''कुणाचा?''

''मराठी वाचकाचा.''

''मी मराठी वाचकच आहे.''

डॉक्टर हसले. ''तुमचं मराठी छान आहे हो. तुमच्या मानाने फारच छान आहे.''

मला तेव्हा उठून जायला हवं होतं असं वाटतं, पण सर शांत बसले होते, म्हणून मीही बसले. डॉक्टर मग हंबरकडं वळले. ''आणि हे काय? गाय हंबरते, महाकवी नव्हे. इथे 'उत्कंठा' घाला.'' पुढं जरा घुटमळून म्हणाले, ''आणखी एक. आता मराठी राज्य होतंय. या ग्रंथाकडे सगळ्यांचं लक्ष असणार. अनुवादक म्हणून बाईंचं एकटीचं नाव द्यावं असं समितीतल्या काहींचं म्हणणं आहे. वाहिदसाहेबांचं साह्य आपण ऋणनिर्देशात नोंदवू.''

''मला चालणार नाही,'' मी म्हटलं.

सर माझ्यावर चिडले. त्यांना चिडलेलं मी प्रथमच पाहिलं. ''बाई, तुम्ही गप्प बसा. नाव माझं आहे, तुमचं नाही.'' आणि डॉक्टरांकडं वळून हात जोडून म्हणाले, ''साहेब, नाव काढून टाका. ऋणनिर्देशात पण नको. फक्त शब्द राहू द्या.''

डॉक्टर थोडा वेळ पेनाचं टोपण फिरवत राहिले. मग खरोखरीच दिलगिरीनं म्हणाले, ''अहो, अडचण शब्दांचीच आहे. नावाचं मी समितीला पटवलंही असतं.''

खिडकीखाली पोरं क्रिकेट खेळत होती. सरांनी टोपी नीट केली, सलाम केला आणि उठले. डॉक्टर मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, ''तुम्ही तरी विचार करून कळवा. प्रबंधाचा प्रश्न आहे. भावनेच्या भरात वर्षं वाया घालवू नका.'' मी कळवलं नाही. दुसरा मार्गदर्शकही मिळाला नाही, कारण या कवीवर मराठीत दुसरं कुणी नव्हतंच. प्रबंध तिथंच संपला. आमची ती एकुलती नागरी प्रत संदर्भासाठी राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. पुढं दोनदा मागितली. सापडत नाही, असं उत्तर आलं. मला वाटतं, खरंच सापडत नसेल. चोरीला जायला तिला काही किंमत तरी लागते.

येताना गाडीत सर खिडकीशी बसून होते. दौंडच्या पुढं कुठंतरी म्हणाले, ''त्या म्हाताऱ्यानं बघा, शिराजचे शब्द जसेच्या तसे जर्मनमध्ये ठेवले. साकी, बुलबुल. तिथं कुणी तांबडी शाई घेऊन आलं नाही.'' मग पुष्कळ वेळानं म्हणाले, ''आलं असेल. आपल्याला काय ठाऊक.''

मेच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र झाला. सगळ्या शाळांचा झेंडा हायस्कुलात लागला, पोरांना पेढे वाटले. वाहिदसरांनी मुलांकडून नव्या राज्याचं गीत बसवून घेतलं होतं. सुरात म्हटलं पोरांनी. मी त्यांच्याकडं बघू शकले नाही.

गौरवग्रंथ पुढं यथावकाश आला. जाडजूड, कापडी बांधणी. डॉक्टरांच्या एका विद्यार्थ्यानं अनुवाद केले होते. प्रास्ताविकात एक वाक्य असं होतं की, मराठवाड्यासारख्या मागास भागातही या महाकवीचे काही चाहते आहेत. ते आम्ही तिघं. अप्पांनी ग्रंथ मागवला, दुकानाच्या गादीवर बसून बरेच दिवस नेटानं वाचला. एक दिवस मला बोलावून म्हणाले, ''बाई, ह्येच्यात समदं हाय. पर आपली गाय कुटं हाय?'' मी म्हटलं, ती काढून टाकली. अप्पांनी ग्रंथ मिटला. ''मग ह्येच्यात कुणी कुणाला हाक मारतच न्हाय की.'' त्यानंतर अप्पांनी वरच्या खोलीत सरकीची पोती भरली. त्यांना दोष देता येत नाही. जागा रिकामी होती.

सरांची बदली ईट नावाच्या खेड्यात झाली. बदली ही बदलीच असते, तिच्यामागं कुणाचा हात शोधू नये. तिथं त्यांना वर्गात टकळ्याही नव्हत्या. ते नुसते बसून असायचे. मी एकदा भेटायला गेले तर पुस्तक अगदी नाकाशी धरून वाचत होते. डोळ्यांत पडदा येत होता. ''आता पुढच्या कविता करूया,'' मी म्हटलं. म्हणाले, ''तुम्ही करा. माझ्या मराठीवर माझा भरवसा राहिला नाही, बाई. तोंडातून शब्द निघाला की वाटतं, हा चालेल का?'' आयुष्यभर ज्या भाषेत ते बाजार करत आले, रागावत आले, ती भाषा बोलताना हा माणूस आता अडखळत होता. गौरवग्रंथाचं खरं काम ते झालं.

नोकरी संपल्यावर, दिसेनासं झाल्यावर, ते हैदराबादला मुलीकडं गेले. पाहुणे म्हणून. एका सुगीत मला त्यांच्या जावयाचं पत्र आलं की, सर गेले. मी त्याच हमरस्त्यानं गेले, कडब्याच्या गाड्यांमागून.

रुकय्या माझ्याहून बरीच लहान निघाली. आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला. सरांची एक पत्र्याची पेटी पुढं केली. त्यांच्या हातचे सगळे कागद होते, उर्दू लिपीतले, आमचं दोन वर्षांचं काम. ''तुमीच ले जाव आपा,'' ती म्हणाली. ''इने पढे, तो कुछ समझ में नई आया.'' जावयानं एक कागद घेऊन मला वाचून दाखवायचा प्रयत्न केला. तो उर्दू वाचणारा, मराठी न जाणणारा. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. भाषा ठाऊक असेल तरच शब्द उच्चारता येतो. तो एकेक अक्षर चाचपत होता आणि मधेच एखादा मराठी शब्द वर यायचा, की पुन्हा बुडायचा. त्याची पोरं दाराशी उभी राहून हसत होती. मला मराठी येते, लिपी येत नाही. त्याला लिपी येते, मराठी येत नाही. ते दोन्ही येणारं त्या घरातलं माणूस गेलं होतं. माझ्या माहितीत तसं दुसरं कुणी नव्हतं. पेटी मी आणली. ती माझ्याकडं आहे. कुणी वाचणारं भेटलं तर द्यायची आहे.

निघताना रुकय्या दारापर्यंत आली. म्हणाली, ''आपा, एक बात पूछूं? आखिर आखिर में अब्बा मराठीच बोलते थे. उर्दू भूल गए जैसा. बुखार था, हम लोगां कुछ समझतेच नई थे. एकच बात बार बार बोलते थे, 'उकडतंय, उकडतंय'. हाथ से रजाई ऐसा करते थे. सर्दी के दिन थे, मैं समझी ठंड लग रई. और एक रजाई डाली. फिर बी बोलतेच रहे.'' तिनं पदरानं डोळे पुसले. ''उसका मतलब क्या होता?''

ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

''उजाडतंय म्हणत असतील,'' मी म्हटलं. ''सवेरा हो रहा है.''

तिला ते पटलं. ''हां,'' ती म्हणाली, ''फजर के टाइम पेच गए.'' आणि तिनं माझा हात घट्ट धरला.